खुरीची मुक्कामी उंट सफारी: पैसे द्यायच्या आधी उंटाचे पाय बघा

जैसलमेरला जाऊन आल्यापासून ओळखीतले सगळे एकच विचारतात, उंट सफारी घ्यावी का, सम गावची घ्यावी की खुरी गावची, अर्ध्या तासाची की मुक्कामी, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. घाईत असाल तर उत्तर असं की खुरीला जा, मुक्कामी सफारी घ्या, आणि ज्याचा स्वतःचा उंट आहे अशाच माणसाकडून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. पण या सफारीतलं खरं बघण्यासारखं काय असेल तर तो उंट. वाळू, सूर्यास्त, लोकगीतं, दालबाटी हे सगळं छानच आहे, पण तुम्ही ज्याच्या पाठीवर बसलाय ते जनावर कसं बांधलंय आणि कसं चालतं हे जर नीट बघितलं नाही तर निम्मे पैसे वाया गेले असं मी म्हणेन.

आधी जागेचं सांगते. सम जैसलमेरपासून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटर, खुरी नैर्ऋत्येला, थोडं अजून लांब. दोन्ही डेझर्ट नॅशनल पार्कच्या परिसरातच येतात, तेच ते माळढोकासाठी राखलेलं ३१६२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. समच्या टेकड्या मोठ्या आणि फोटोत भारी दिसतात, पण संध्याकाळी तिथे जत्रा असते, जीप, चार चाकांच्या बाइक, लाउडस्पीकर सगळं एकत्र. खुरीच्या टेकड्या लहान, पण गाव अजून गावासारखं आहे, मातीची घरं आहेत, आणि उंट घेऊन तुम्ही गावाबाहेर पडलात की अर्ध्या तासात आजूबाजूला कुणी नसतं.

आम्ही दिवाळीनंतर गेलो होतो, मी, नवरा आणि सासरे. बुकिंग थेट गावात केलं. जैसलमेरच्या हॉटेलात बसून उंटावरून शेळ्या हाकणारे एजंट खूप आहेत, त्यांच्याकडून घेतलं तर मधला हिस्सा तेच खातात आणि उंटवाल्याच्या हातात फार थोडं पडतं. आमचे उंटवाले भाईसा वयाने पन्नाशीचे, उंट त्यांचे स्वतःचे, आणि त्यांनी सुरुवातीलाच जे केलं ते मला फार आवडलं. बसा म्हणून घाई केली नाही, आधी उंटाच्या समोर उभं केलं, म्हणाले याला तुम्हाला बघू द्या, वास घेऊ द्या, मग बसा. उंट बसलेला होता, पाय पोटाखाली घडी करून, आणि तसं बसलेलं असतानासुद्धा त्याचं डोकं माझ्या खांद्याच्या वर होतं.

आता उठण्याचं. हा सफारीतला सगळ्यात अवघड क्षण असतो आणि बहुतेक लोक इथेच घाबरतात, कारण कुणी नीट सांगत नाही. उंट उठताना आधी पुढच्या गुडघ्यांवर थोडा उचलला जातो, मग एकदम मागचे पाय सरळ करतो, म्हणजे तुमची मागची बाजू वर आणि तोंड खाली वाळूकडे, आणि मग पुढचा एक पाय, दुसरा पाय असं करत पुढून उठतो तेव्हा तुम्ही पुन्हा मागे फेकले जाता. हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं. बसताना उलटं, आधी पुढचे गुडघे टेकतो, मग मागचा भाग खाली येतो, मग छाती टेकून नीट सावरून बसतो. दोन्ही वेळेला पहिला झटका पुढेच येतो म्हणून उठताना आणि बसताना, दोन्ही वेळा, मागे रेलायचं, खोगिराचा दांडा घट्ट धरायचा आणि पाय उंटाच्या अंगाला चिकटवून ठेवायचे. भाईसांनी हे आधी जमिनीवर उभं राहून करून दाखवलं, सासऱ्यांना तर दोनदा विचारलं, समजलं का म्हणून.

आणि ज्याला आपण पुढचा गुडघा म्हणतो ना, तो खरं तर उंटाचं मनगट आहे, घोड्याचं आणि गायीचंही तसंच असतं, खरं कोपर वर छातीजवळ असतं. मागच्या पायाचं बघायचं असेल तर उंटाच्या मागून थोडं लांब उभं राहून बघा. घोड्याची किंवा गायीची मांडी कातड्याने पोटाशी जोडलेली असते, उंटाची मांडी अगदी वरच्या बाजूलाच अंगाला जोडलेली, त्यामुळे पाय कमरेपासून सुटे लोंबल्यासारखे वाटतात, पोट एकदम आत खेचलेलं दिसतं, आणि म्हणूनच त्याला मागचे पाय पूर्ण घडी करून अंगाखाली घेता येतात. पहिल्यांदा बघितलं की वाटतं हे काय बेढब जनावर आहे. पण एकदा त्याला बसताना-उठताना नीट बघितलं की कळतं, यातलं काहीच उगाच नाही.

चाल. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण तुम्हाला तासन्‌तास तीच अनुभवायची आहे. घोडा दुडक्या चालीने जातो तेव्हा त्याचे तिरके पाय एकत्र पडतात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा. उंट वेग वाढवतो तेव्हा एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकतो, आधी उजवीकडचे दोन, मग डावीकडचे दोन. सावकाश चालताना अगदी एकत्र नाही पडत, मागचा पाय किंचित आधी पडतो, पण बाजू तीच. कारण त्याच्या बांध्यातच आहे, पाय फार लांब आणि धड त्या मानाने आखूड, तिरके पाय टाकले तर मागचा पाय पुढच्यावर आदळेल, एका बाजूचे दोन्ही एकत्र गेले की मधली अडचणच नाही आणि टांगही लांब पडते. त्याची किंमत एवढीच की एका वेळी सगळा भार एका बाजूवर जातो, म्हणून अंग उजवी-डावीकडे झुलतं, आणि वर बसलेला माणूस तर जास्तच झुलतो कारण तो जमिनीपासून आठ फुटांवर बसलेला असतो.

पहिला अर्धा तास अंग आखडून बसायला होतं, कंबर ताठ ठेवली जाते आणि प्रत्येक पावलाला मणक्यात हिसका बसतो. भाईसा खालून बघत होते, म्हणाले, "कमर ढीली छोडो सा, ऊंट को चलने दो." तेवढं केल्यावर फरक पडला. कंबर सैल सोडली की शरीर आपोआप एक तिरका गोल फिरायला लागतं, थोडं पुढे, थोडं उजवीकडे, थोडं मागे, थोडं डावीकडे, आणि मग त्रास होत नाही, उलट झोप येते. मान बघत राहा, प्रत्येक पावलाला ती पुढे-मागे जाते, तोल राखायला तिचाही हात असतोच. एवढी लांब मान आणि तिच्यात मणके मात्र सातच, आपल्या मानेत असतात तेवढेच, फक्त एकेक मणका लांबलचक.

वेग म्हणाल तर चालताना ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढा. पळवला तर चांगला स्वारीचा उंट थोड्या अंतरासाठी ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो असं मोजलेलं आहे, पण तुम्हाला कुणी "दौडाऊं क्या" असं विचारलं तर नाही म्हणा. लांब पल्ल्याला त्याची संथ चालच कामाची, न थांबता दिवसभर तीच चालू राहते. आपल्या इतिहासात पत्रं घेऊन जाणारे सांडणीस्वार येतात ना, ते याच जनावराच्या जिवावर. खुरीत भाईसांनी एका सपाट पट्ट्यावर, आम्हाला उतरवून, स्वतः एकटे बसून उंट पळवून दाखवला आणि तो बघताना मला पहिल्यांदा दिसलं की एका बाजूचे दोन्ही पाय जमिनीवर असतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे दोन्ही हवेत असतात आणि मध्येच एका क्षणाला चारही हवेत असतात. हे वर बसून कधीच दिसत नाही, म्हणून तुम्हीही थोडा वेळ खाली उतरून चाला, बाजूने चाला, काही कमीपणा नाही त्यात.

बाजूने चालायचं दुसरं कारण म्हणजे पाऊल. उंटाला खूर नसतात, दोन बोटं असतात, पुढे दोन जाड नखं आणि खाली एक रुंद मऊ गादी, कातडीसारखी चिवट. आत चरबीची उशी असते. मी वाळूत उकिडवी बसून पाऊल पडताना अगदी जवळून बघितलं. आधी पाऊल हवेत असताना आवळलेलं, छोटं दिसतं, वाळूला टेकतं, मग भार आला की दोन्ही बोटं फाकतात आणि अख्खी गादी बाजूंना पसरते, भाकरीचा गोळा तळव्याखाली थापताना पसरतो ना तशी, आणि पाऊल उचललं की लगेच पुन्हा आवळते. उंटाचं वजन चार-पाचशे किलो, वर खोगीर, वर मी, आणि एवढं सगळं पेलून त्या पावलाचा ठसा माझ्या बुटाच्या ठशापेक्षा उथळ. माझा बूट टाचेशी चांगला खचत होता, मी टेकडी चढताना धापा टाकत होते आणि उंट तोच वेग धरून वर. पुढचं पाऊल मागच्यापेक्षा मोठं असतं, कारण मान, डोकं, छाती मिळून पुढेच भार जास्त. आवाज तर जवळपास नाहीच, वाळूवर नुसती फस्स फस्स.

पण हीच गादी चिखलात फसवते, ओल्या गुळगुळीत मातीवर पाय बाजूला घसरतात आणि मग त्याला सावरणं कठीण जातं. धारदार दगड आणि तापलेला डांबरी रस्ताही वाईटच. म्हणून उंटावर बसायच्या आधी पाऊल उचलून दाखवायला सांगा. चांगला उंटवाला आनंदाने दाखवतो. गादीला भेग, जखम, काच नसली पाहिजे.

खोगिराचं बघा. तिकडे त्याला पलाण म्हणतात, लाकडी सांगाडा, त्यात वशिंडाच्या पुढे एक आणि मागे एक अशा दोन बसायच्या जागा, खाली रजया-गोधड्या. नीट बांधलेल्या पलाणाचा भार मणक्यावर आणि वशिंडावर येत नाही, दोन्ही बाजूंच्या फासळ्यांवर वाटला जातो, मधे हवा जायला जागा असते. आमच्या उंटांची पाठ भाईसांनी पलाण काढून दाखवली, कुठेही पाठ लागलेली नव्हती, केस गेलेले नव्हते. वशिंड उभं आणि घट्ट होतं. ते बघून जनावराचं खाणंपिणं कळतं, कारण वशिंडात पाणी नसतं, चरबी असते, चारा कमी पडला की ती वापरली जाते आणि वशिंड लहान होऊन एका बाजूला कलतं. ज्याचं वशिंड लोंबतंय त्या उंटावर बसू नका, तो उपाशी आहे.

एक तक्रार आहेच, रिकिबी नव्हत्या. पाय लोंबकळत राहतात आणि दोन तासांनी मांड्यांच्या आतल्या बाजूला जी कळ येते ती दुसऱ्या दिवशी जिने उतरताना आठवते. दोरीच्या साध्या रिकिबी लावल्या तरी खूप फरक पडेल, हे मी भाईसांना सांगितलंसुद्धा. आणि रात्रीच्या रजयांना उंटाचा वास येत होता, मला चाललं, नवऱ्याला नाही. कापलेला अर्धा मार्क या दोन्हींचा मिळून.

दुपारची विश्रांती एका खेजडीखाली होती. खेजडी म्हणजे आपली शमी. पलाण उतरवलं, उंट मोकळे सोडले, आणि ते लगेच झाडाला लागले. खेजडीला काटे असतात हे माहितीये ना, आणि उंट त्यातून पानं वेचून खातो. वरचा ओठ मधोमध फाटलेला असतो, त्याचे दोन्ही भाग वेगवेगळे हलतात, एक भाग काटा बाजूला सारतो आणि दुसरा पानं ओढतो असं मी दोन हातांवरून बघितलं. काही काटे तसेच आत जातात, पण तोंडाच्या आतून कडक टोकदार उंचवटे असतात त्यामुळे तोंड सोलवटत नाही. मग बसून रवंथ, खालचा जबडा डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पापण्या लांब आणि दोन ओळींच्या, आणि त्याच्या खाली एक तिसरी पातळ पापणी असते जी वाऱ्यात वाळू उडाली की डोळ्यावरून आडवी फिरते. दुपारी थोडा वारा सुटला तेव्हा आम्ही ओढण्या तोंडाला बांधल्या, उंटाने नाकपुड्या फटीएवढ्या बारीक करून घेतल्या आणि रवंथ चालूच.

बसलेल्या उंटाच्या छातीखाली वाकून बघा. पुढच्या पायांच्या मधे एक मोठा काळा घट्टा दिसेल, तळहातापेक्षा मोठा, खडबडीत. कोपरांवर, गुडघ्यांवर, मागच्या पायांवरही घट्टे असतात, पण छातीचा सगळ्यात महत्त्वाचा. बसल्यावर भार त्याच्यावर येतो, पोट तापलेल्या जमिनीपासून थोडं वर राहतं आणि खालून हवा खेळते. उन्हाळ्यात उंट सूर्याकडे तोंड करून बसतात म्हणजे कमीत कमी अंगावर ऊन पडतं, आणि एकमेकांना चिकटून बसतात. लोकर कशाला एवढ्या उन्हात असं वाटतं, पण वरचे केस उन्हात ७० अंशांपर्यंत तापले तरी खालची कातडी ४०च्या आसपास राहते, म्हणजे ती लोकर उष्णता आत येऊ देत नाही.

पाण्याचं शास्त्र वाचलेलं होतंच पण समोर जनावर असलं की ते पटतं. १९५३-५४ मध्ये क्नुट श्मिट-नील्सन नावाच्या शास्त्रज्ञाने सहारात जाऊन उंटांवर प्रयोग केले, त्यात दिसलं की पाणी न मिळालेला उंट स्वतःचं तापमान पहाटे ३४ पर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४१ च्या जवळ चढू देतो. आपलं ३७ चं ३९ झालं की आपण अंथरूण धरतो. उंट दिवसभर ही उष्णता अंगात साठवत जातो, तापमान फार चढेपर्यंत घाम गाळत नाही, आणि रात्रीच्या गारव्यात ती सोडून देतो. एवढ्याने दिवसाला ५ लिटरच्या आसपास पाणी वाचतं. अंगातलं पाणी जाऊन वजन २५ टक्के घटलं तरी तो उभा असतो, आणि मग पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत १०० लिटर पिऊ शकतो. दुसरं एखादं जनावर असतं तर रक्तातल्या पेशी फुटल्या असत्या, उंटाच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि दुपटीहून जास्त फुगल्या तरी टिकतात. आमच्या वेळेला थंडी होती, ओला पाला खायला होता, त्यामुळे उंटांनी वाटेतल्या टाक्यावर पाण्याला फक्त तोंड लावलं. लेंड्या मात्र तेव्हाही इतक्या कोरड्या, की हातात घेतल्या तर डाग पडत नाही.

रात्री पुढच्या दोन पायांना सैलसर पायखुटी घालून उंट चरायला सोडले. मला वाटलं सकाळी लांब गेलेले असतील तर, पण भाईसा पहाटे उठून वाळूवरचे ठसे बघत सरळ गेले आणि घेऊन आले. इतर उंटांचे ठसेही तिथे होते, त्यातून आपल्या उंटाचा ठसा ते ओळखतात, गादीची रुंदी, नखाचा कोन, मागचं पाऊल पुढच्याच्या किती जवळ पडतं यावरून. थरमध्ये ठसे ओळखणाऱ्या माणसांना पगी म्हणतात, सीमेवर सैन्याला आणि बीएसएफला त्यांची मदत झालेली आहे. मला हे ऐकूनच अंगावर काटा आला. जेवण बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, लसणाची चटणी, उत्तम, त्यावर जास्त काय लिहू.

आता सम. परतताना एका कॅम्पवाल्याच्या आग्रहाने सूर्यास्ताची अर्ध्या तासाची राइड घेतली, नाव लिहीत नाही. एका उंटावर दोन मोठी माणसं आणि पुढे एक मूल, असे पाठोपाठ गिऱ्हाईक, प्रत्येक वेळेला उठणं-बसणं, आणि उठणं-बसणं हे त्याच्या सांध्यांना कष्टाचंच. त्यात फोटोसाठी टेकडीवरून पळवत खाली. हाकणारा पोरगा दहा-बारा वर्षांचा, वेसण हिसकत होता. उंटाच्या नाकात लाकडी खुंटी असते, दोरी तिलाच बांधलेली, आणि नाक हा त्याचा अतिशय नाजूक भाग, चांगला उंटवाला ती दोरी कायम सैल ठेवतो आणि आवाजाने काम करून घेतो, आमच्या भाईसांचं सगळं "झे झे" म्हटलं की उंट बसतो असं होतं. इथल्या उंटाची नाकपुडी सोललेली होती. आम्ही मधेच उतरलो आणि पैसे पूर्ण दिले, वाद घातला नाही, पण पुन्हा जाणार नाही. समलाही चांगले उंटवाले आहेत, पण गर्दीच्या वेळी ते शोधणार कसे, हा प्रश्न आहे.

थंडीत जाणार असाल तर एक सावधगिरी. आपला टुरिस्ट सीझन आणि नर उंटांचा माजाचा काळ एकच, थंडीचा. माजावर आलेला नर तोंडाच्या एका बाजूने गुलाबी फुगा बाहेर काढतो, गुडगुड आवाज करतो, तोंडाला फेस, मानेच्या मागे काळपट पाझर. तो फुगा म्हणजे टाळूचा मऊ भाग असतो, आजारपण नव्हे. बघायला विलक्षण आहे पण अशा उंटाजवळ मुलांना नेऊ नका, तो चावतो आणि त्याचे सुळे जबरदस्त असतात. मुसकं बांधलेला उंट दिसला तर तो बहुतेक याच कारणाने बांधलेला असतो, क्रूरपणा समजू नका. उठता-बसता मोठ्याने ओरडतो तेही त्याच्या सवयीचं आहे, प्रत्येक वेळी दुखतंय असं नसतं.

ज्यांना राइड नकोच आहे पण उंट बघायचाय त्यांच्यासाठी बिकानेरचं राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र. १९८४ साली सुरू झालं, गावाबाहेर जोडबीडकडे आहे. दुपारनंतर जा, कारण संध्याकाळी चरून आलेला कळप परत येतो आणि तेव्हा शेकडो पाय एकत्र चालताना दिसतात. इथे जाती शेजारी शेजारी बघायला मिळतात. बिकानेरी उंट भारदस्त, गडद रंगाचा, कपाळावर डोळ्यांच्या वर खळगा, कानांवर आणि पापण्यांवर दाट केस, ओझ्याचा आणि गाडीचा राजा. जैसलमेरी एकदम वेगळा, उंच, सडपातळ, फिक्या रंगाचा, डोकं लहान, लांब पातळ पाय, स्वारीसाठी आणि पळण्यासाठी. मेवाडी अरवलीच्या डोंगरातला, तळवे कणखर. कच्छी दलदलीच्या मुलखातला. तिथे उभं राहिलं की कळतं, जमीन जशी तसा पाय. कच्छमधली खाराई जात तर समुद्रात पोहत जाऊन तिवरं खाते, ती २०१५ साली स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. केंद्रात उंटिणीच्या दुधाचा चहा, कुल्फी मिळते, दूध किंचित खारट लागतं, कुल्फीत ते कळत नाही. म्युझियम छोटं आहे पण सांगाडा आणि पायाची रचना बघायला थांबाच. पक्षी बघणारे असाल तर जोडबीडला गिधाडांसाठी अर्धा दिवस वेगळा काढा.

पैशांबद्दल थोडं. २०१२ च्या पशुगणनेत देशात ४ लाख उंट होते, २०१९ च्या गणनेत २.५२ लाख उरले. ट्रॅक्टर आणि पिकअप आले, गायरानं गेली, उंट पाळणाऱ्या रायका-रेबारी लोकांची पोरं शहरात गेली. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं, २०१५ मध्ये कत्तल आणि राज्याबाहेर नेण्यावर बंदीचा कायदा आणला, हेतू चांगला, पण विक्रीच अडल्यावर पाळणाऱ्याला परवडेना. भाईसांच्या घरी आधी जेवढे उंट होते त्यातले आता मोजके राहिलेत, तेही पर्यटकांमुळे. म्हणून म्हणते, घासाघीस करायची तर एजंटशी करा, उंटवाल्याशी करू नका. रेट आधी ठरवा, त्यात जेवण, पाणी, गादी, सगळं धरलंय का ते विचारून घ्या.

आपल्यातल्या बहुतेकांनी उंट बघितलेला असतो तो जुहूला नाहीतर अलिबाग-गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर, रंगीत गोंडे लावलेला, दहा मिनिटांची चक्कर मारणारा. त्याच्यावरून मत बनवू नका. घट्ट ओल्या वाळूवर त्याचा पाय पसरत नाही, चक्कर संपते तेव्हा कुठे तुमची कंबर सैल व्हायला लागलेली असते, आणि कोकणातल्या पावसाळ्याच्या दमट हवेसाठी हे जनावर बनलेलंच नाही.

जाताना जाड सुती पँट घाला, जीन्सची शिवण मांडीला घासते. लहान मूल असेल तर मागच्या जागेवर एकटं बसवू नका. पाठीचं किंवा कमरेचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारा, प्रेग्नंट असाल तर नकोच. आणि ज्यांना उठण्या-बसण्याचा तो झटका झेपणार नाही त्यांनी उंटगाडी सांगा, आधी फोन करून सांगितलं तर मिळते. सासऱ्यांचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलायला लागले तेव्हा आम्ही तीच घेतली. सपाट लाकडी फळी, खाली विमानाचे जुने टायर, वर गादी, उशी, आणि पुढे बसून मागून उंटाची चाल बघायची सगळ्यात चांगली जागा, एका बाजूचे दोन पाय, मग दुसऱ्या बाजूचे दोन, असं गावापर्यंत बघत बसता येतं. सासरे तर म्हणाले, पुढच्या वेळेला मी थेट गाडीच घेणार.